हाडात पू होतो तेव्हा

आठ-नऊ वर्षांचं मूल संध्याकाळी मैदानावरून लंगडत घरी येतं. गुडघ्याच्या जरा वर दुखतंय म्हणतं. घरात निदान झालेलंच असतं: मुका मार लागला असेल. बाम चोळला जातो. रात्री ताप चढतो, पॅरासिटामॉलने उतरतो. दुसऱ्या दिवशी मूल पाय टेकवायला तयार नसतं, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेतात. एक्स-रे निघतो, तो नॉर्मल येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. हाडाला जिवाणूंचा संसर्ग झाला असेल, तर सगळ्यात महाग पडतं ते हे हायसं वाटणं.

या आजाराला वैद्यकीय भाषेत ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. एक्स-रेमध्ये दिसतो तो हाडातला चुना. संसर्गाने हाड पोखरलं गेलं, तरी त्या जागचा तीस ते पन्नास टक्के चुना गेल्याशिवाय फिल्मवर काही उमटत नाही, आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशीचा नॉर्मल एक्स-रे एवढंच सांगतो की हाड मोडलेलं नाही. पू आहे की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं. मात्र नेमके तेच पहिले दहा दिवस उपचाराच्या दृष्टीने सोन्यासारखे असतात. का, ते कळायला हाडाच्या आत काय घडतं ते पाहावं लागेल.

बहुतेक वेळा आरोपी एकच असतो: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकपुडीत हा जिवाणू काही त्रास न देता राहत असतो. केसतोड, गळू, खाजवून फोडलेला डास चावल्याचा फोड, अशा एखाद्या वाटेने तो रक्तात शिरतो. बहुतेक वेळा शरीर त्याचा लगेच निकाल लावतं. पण वाढत्या वयातल्या लांब हाडांमध्ये एक नाजूक जागा असते. हाडाची लांबी वाढवणारी कूर्चेची चकती असते ना, तिच्या अगदी खाली येऊन बारीक रक्तवाहिन्या एकदम मागे वळतात आणि रुंद होतात. तिथे रक्त संथ होतं, आणि जिवाणू गिळणाऱ्या पेशीही तिथे विरळच. वाहत आलेला जिवाणू इथे थांबतो. म्हणूनच मुलांमध्ये हा आजार गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नडगीच्या वरच्या टोकाला सर्वांत जास्त आढळतो.

घरच्यांचा ‘मुका मार’ मात्र अगदीच खोटा नसतो. सशांवरच्या प्रयोगांत रक्तात जिवाणू सोडून हाडाच्या त्या टोकाला हलकी इजा केली, तेव्हा संसर्ग नेमका इजा झालेल्या जागी रुजला. बऱ्याच मुलांच्या बाबतीतही आधी कुठेतरी आपटल्याची हकिकत निघते. मार खराच असतो. चूक होते ती एवढ्यावर थांबण्यात.

आता पू तयार होतो. त्वचेखाली पू झाला तर कातडी ताणली जाते, फुगते, शेवटी फुटते. हाडाच्या आत फुगायला जागाच नसते. दाब वाढतो, आतल्या रक्तवाहिन्या दबतात. पू हाडातल्या बारीक नळ्यांतून वाट काढत बाहेरच्या आवरणाखाली येतो. लहान मुलांत हे आवरण सैल असतं, ते हाडापासून उचललं जातं. हाडाला रक्त मिळतं ते आतून आणि या आवरणातून, असं दोन्हीकडून. दोन्ही वाटा तुटल्या की हाडाचा तेवढा तुकडा मरतो.

हा आजार इथे कूस बदलतो. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक रक्ताबरोबर पोचतं. जिथे रक्त नाही तिथे ते पोचत नाही, मग सलाइनमधून कितीही दिवस द्या. मेलेला तुकडा जिवाणूंना आयता आसरा देतो. शरीर त्याच्याभोवती नव्या हाडाचं कवच बांधतं, पण रुतलेल्या काट्यासारखा तो तुकडा सलत राहतो आणि कातडीतून एक नळी पाडून पू बाहेर टाकत राहतो. यालाच नासूर म्हणतात. सहा महिने बंद असतो, मग एक दिवस पुन्हा वाहायला लागतो. हाड जिवंत आहे तोवर हे काम मुख्यतः औषधांचं असतं, मेल्यावर ते शल्यविशारदाचं होतं. पुढचं सगळं, तपासण्यांची घाई, औषधांचे आठवडे, शस्त्रक्रिया, या एका गोष्टीवरून ठरतं.

तान्ह्या बाळात तर वेळ आणखीच कमी असतो. साधारण दीड वर्षापर्यंत रक्तवाहिन्या त्या वाढीच्या चकतीतून पार सांध्याच्या बाजूला जातात, त्यामुळे संसर्ग सांध्यात उतरू शकतो. खुब्यात असं झालं तर चेंडूसारखं ते टोक कायमचं बिघडतं. नवजात बाळाला ताप असेलच असं नाही. दुपटं बदलताना ते किंचाळतं, किंवा एक पाय हलवतच नाही, लुळा पडल्यासारखा ठेवतं. या दोन खुणांवर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं.

मोठ्या मुलात डॉक्टर आधी बोट वापरतात. मुका मार असेल तर दुखणं पसरलेलं असतं. हाडातल्या पुवाचं दुखणं बहुधा एका बोटाने दाखवता येतं, आणि तिथे हाडावर दाबलं की मूल कळवळतं. सांधा हलक्या हाताने थोडा हलू दिला, तर संसर्ग हाडात असण्याची शक्यता वाढते. सांधा जराही हलू दिला नाही, तर सांध्यातच पू असण्याची. ‘वाढीच्या वेदना’ म्हणून जे सांगितलं जातं ते दुखणं दोन्ही पायांत, रात्री येतं आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. एकाच पायाला, दिवसाही, लंगडवणारं आणि तापासह आलेलं दुखणं त्या खात्यात टाकू नये.

मग रक्ताच्या तपासण्या, शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी आणि ईएसआर. सीआरपी काही तासांत चढू लागतो आणि उपचार लागू पडले की झपाट्याने उतरतो, साध्या प्रकरणात आठ-दहा दिवसांत जागेवर येतो. ईएसआर सावकाश चढतो आणि उतरायला तीन-चार आठवडे घेतो. म्हणून रोजची प्रगती पाहायला सीआरपी बरा. एक सूचना इथेच: रिपोर्ट हातात आला की आकड्यापुढचं एकक बघा. काही प्रयोगशाळा लिटरमागे मिलिग्रॅम देतात, काही डेसिलिटरमागे; दोन्हींत दहापट फरक पडतो. एका लॅबमधला 8 आणि दुसऱ्या लॅबमधला 80 हे एकच असू शकतं, आणि यावरून घराघरांत उगाच आनंद किंवा रडारड झालेली आहे.

एमआरआय पहिल्या काही दिवसांतच हाडातली सूज दाखवतो आणि शक्य असेल तिथे तीच तपासणी करावी. पण तालुक्याच्या गावी एमआरआय नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही. साध्या सोनोग्राफीत हाडाच्या आवरणाखाली साठलेला पू दिसू शकतो, आणि तिथूनच सुई घालून तो काढताही येतो.

सुईने काढलेला तो पू म्हणजे या आजारातली सर्वांत मोलाची वस्तू. जिवाणू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दबतो, हे कळलं की पुढचे कित्येक आठवडे अंदाजावर काढावे लागत नाहीत. रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून पाहणं, करायचंच, पण ते निम्म्याहून अधिक मुलांत काहीच दाखवत नाही. म्हणून मूल फार आजारी नसेल तर नमुने आधी आणि अँटिबायोटिक नंतर, हा क्रम पाळावा; काही तासांचाच प्रश्न असतो. मूल ग्लानीत असेल, रक्तदाब उतरत असेल, तर मात्र रक्त काढून लगेच औषध सुरू करायचं. आपल्याकडे अडचण वेगळीच असते. मूल मोठ्या रुग्णालयात पोचतं तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून किंवा थेट मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार-पाच गोळ्या पोटात गेलेल्या असतात. त्या आजार बरा करायला अपुऱ्या आणि कल्चर कोरं आणायला पुरेशा!

नमुन्याचीही एक गंमत आहे, खरं तर शोकांतिका. शस्त्रक्रियेत काढलेला हाडाचा तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मेलिनची, पेशी तपासण्यासाठी. दुसरी निर्जंतुक, फॉर्मेलिन नसलेली, जिवाणू वाढवण्यासाठी. फॉर्मेलिनमध्ये जिवाणू मरतात. घाईत सगळा नमुना एकाच बाटलीत टाकला, की कल्चर कायमचं हातचं गेलं. आणि पेशींची तपासणी टाळायची नाही, कारण लहान मुलांतला रक्ताचा कर्करोग आणि इविंग सार्कोमा नावाचा हाडाचा कर्करोग हुबेहूब असाच दिसतो: ताप, सूज, वाढलेला ईएसआर. जुने अस्थिशल्यविशारद शिकाऊंना बजावत आले आहेत, गाठ वाटली तरी कल्चर करा, पू दिसला तरी बायोप्सी पाठवा.

जिवाणू नेहमी स्टॅफच असतो असंही नाही. सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत किंगेला किंगी नावाचा एक हट्टी जीव असतो. तो नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा उगवत नाही, त्याला पीसीआर या जनुकीय तपासणीने पकडावं लागतं. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजारात रक्तपुरवठा तुटून हाड नुसतंच दुखू शकतं किंवा त्यात साल्मोनेला शिरू शकतो, आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. किनारी कर्नाटकात, भातशेतीच्या ओल्या मातीतून येणारा मेलिऑयडोसिस मधुमेही माणसाच्या हाडात आणि सांध्यात उतरतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

आता उपचार. मुलांमध्ये पूर्वी दीड-दोन महिने सलाइनची सुई हातात असे. फिनलंडमधल्या एका अभ्यासात 131 मुलांना वीस किंवा तीस दिवस औषध दिलं गेलं, त्यातले फक्त पहिले काही दिवस शिरेतून आणि बाकी तोंडाने. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत दोन्ही गटांची मुलं सारखीच बरी झाली. आता साध्या प्रकरणात ताप गेला, दुखणं कमी झालं, सीआरपी उतरला, की तोंडाने औषध सुरू करतात आणि एकूण तीन-चार आठवडे देतात. पू साठला असेल, किंवा जिवाणू मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा असेल, तर मुक्काम लांबतो.

मोठ्यांमध्ये सहा आठवडे हे जुनं गणित आहे. मणक्याच्या संसर्गात सहा आठवडे पुरतात की बारा लागतात, हे फ्रान्समध्ये 2015 साली तपासून झालं. सहा कमी पडले नाहीत. औषध शिरेतूनच द्यायला हवं, ही समजूत ब्रिटनमधल्या ओव्हिव्हा अभ्यासाने मोडली. 1,054 रुग्ण, 26 रुग्णालयं. पहिल्या आठवड्यातच अर्ध्यांना गोळ्या सुरू केल्या, अर्ध्यांना शिरेतून चालू ठेवलं. वर्षभराने उपचार फसल्याचं प्रमाण शिरेच्या गटात 14.6 टक्के, गोळ्यांच्या गटात 13.2 टक्के. माझ्या मते आपल्याकडे हा निष्कर्ष अजून पुरेसा झिरपलेला नाही. ‘सलाइन लावलं म्हणजे खरं औषध’ हा रुग्णाचाही हट्ट असतो. गोळी चालते, पण हाडात नीट उतरणारी, कल्चरने निवडलेली आणि एकही वेळ न चुकवता घेतलेली. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे चाललं तर रक्तपेशी मोजत राहायच्या असतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ते एकटं मात्र कधी द्यायचं नसतं, कारण जिवाणू त्याला भराभर सरावतो.

मणक्याचा विषय निघाला आहे तर आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालणार नाही. कित्येक आठवडे चाललेली पाठदुखी, रात्री वाढणारी, सोबत बारीक ताप आणि वजन घटणं, यात क्षयाचा विचार आधी करावा लागतो. क्षयही जिवाणूचाच, पण त्याची चाल संथ आणि औषधं वेगळी. मणक्याच्या क्षयाला आपल्याकडे साधारण वर्षभर उपचार चालतात. क्विनोलोन गटातली औषधं, लिनेझोलिड, रिफाम्पिसिन, ही सगळी क्षयाच्या जिवाणूलाही अर्धवट मारतात. मणक्यातून नमुना घेण्याआधी ती सुरू केली, तर रोगी चार आठवडे बरा दिसतो आणि खरं दुखणं झाकलं जातं. कच्चं दूध पिणारे, गुरांमध्ये वावरणारे लोक असतील तर ब्रुसेलाचाही विचार करावा लागतो. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर तिथे आठवड्यांचा नव्हे, तासांचा हिशोब असतो.

मधुमेह्याच्या पायात जिवाणू रक्तातून येत नाही, जखमेतून खाली उतरतो. पायाला संवेदना नसते, त्यामुळे चपलेतला खिळा दोन दिवस कळत नाही. तळव्याची जखम महिनाभर भरत नसेल, तर डॉक्टर बोथट टोकाची धातूची निर्जंतुक सळई हलकेच जखमेत घालतात. टोकाला कडक, खरखरीत हाड लागलं आणि जखम संसर्गाची असेल, तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा संशय पक्का होतो. ना यंत्र, ना वीज, ओपीडीतल्या ओपीडीत. उलट, कुठेही जखम नाही पण पाय लाल, गरम, सुजलेला, अशा वेळी शार्को नावाचा सांधे ढासळवणारा विकार असू शकतो, आणि त्याला अँटिबायोटिक नव्हे तर प्लास्टर लागतं. संसर्ग असेल तर हाड न कापता सहा आठवड्यांचं औषध, किंवा सडलेलं बोट काढून तीनेक आठवडे, असे दोन्ही मार्ग आहेत. पायावरचा भार काढला नाही, साखर आटोक्यात आणली नाही, रक्तवाहिनी तुंबलेलीच राहिली, तर दोन्ही फसतात.

रक्त आणि मधुमेह्याची जखम यांनंतर जिवाणूला आत येण्याचा तिसरा दरवाजा रस्त्यावरच्या अपघाताचा. दुचाकीच्या अपघातात नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं, कारण तिथे हाडावर मांसच नसतं. अशा जखमेवर हळद, कॉफी, माती काहीही टाकू नये. स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालयात न्यावं. तिथे पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळणं फार महत्त्वाचं. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे, हा जुना नियम आता सैल झाला आहे. जखम किती नीट साफ केली आणि हाडावर मांस-कातडीचं पांघरूण किती लवकर आलं, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. इथे कसूर झाली, की हाड जोडायला बसवलेल्या धातूच्या पट्ट्या-स्क्रूंवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, आणि त्या थरातल्या जिवाणूंना औषधाची फारशी फिकीर राहत नाही.

आणि तरीही हाड मेलं, नासूर वाहू लागला, तर? मग नासुराच्या तोंडाशी स्वॅब फिरवून पाठवलेलं कल्चर फारसं विश्वासार्ह नसतं. कातडीवरचे येणारे-जाणारे जीव त्यात उगवतात, खोलवरचा गुन्हेगार निसटतो. नमुना हाडातूनच घ्यावा लागतो. शल्यविशारद मेलेलं हाड छिन्नीने किंवा ड्रिलने काढत जातात, कडेने बारीक रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. हे ठिपके म्हणजे जिवंत हाडाची सीमा. तिथे हात आखडता घेतला तर आजार परत येतो. मोकळ्या झालेल्या पोकळीत जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन मिसळलेले सिमेंटचे किंवा कॅल्शियम सल्फेटचे मणी भरतात. रक्ताच्या वाटेने पोचलं नसतं इतकं औषध त्या जागी झिरपतं. कॅल्शियमचे मणी आपोआप विरघळतात, सिमेंटचे बहुधा नंतर काढावे लागतात.

अँटिबायोटिकच्या आधीच्या काळात काय करत असत, त्यातला एक प्रकार सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर विल्यम बेअर या अमेरिकी शल्यविशारदाला सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक मिळाले. मांड्यांची हाडं उघडी, जखमांत अळ्या वळवळत होत्या, पण अळ्या काढल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांस! पुढे बाल्टिमोरला त्याने जुनाट ऑस्टिओमायलायटिसच्या मुलांवर अळ्यांचा उपचार करून पाहिला आणि त्यातून अनेक मुलं बरीही झाली. अळी मेलेलं तेवढं खाते, जिवंताला हात लावत नाही. शल्यविशारद छिन्नीने जी सीमा शोधतो, तीच ती दुसऱ्या रीतीने शोधत होती.

हाड चार-पाच सेंटिमीटर कापावं लागलं तर पाय आखूड राहायचा. त्यावर सैबेरियातल्या कुर्गान गावच्या गाव्रील इलिझारोव्हने 1950 च्या दशकात पायाभोवती कड्या आणि तारांची चौकट बसवण्याची रीत काढली. चांगल्या भागात हाड नव्याने तोडायचं आणि तो तुकडा रोज एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटरने, सरकवत न्यायचा. मागे उरलेल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. पश्चिम युरोपला ही रीत नीट कळली ती कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकामुळे. वर्षानुवर्षं न जुळलेली त्याची नडगी 1980 साली कुर्गानमध्ये जुळली. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हे काम चिकाटीचं आहे. हाड सरकवणं आणि मग ते पक्कं होणं धरून एका सेंटिमीटरमागे साधारण दीड महिना चौकट पायावर राहते. रोज तारांच्या भोकांची सफाई, रात्री पाय ठेवायची अडचण, रुंद पायाची पँट शिवून घ्यावी लागणं, हे सगळं आधी बोलून घेतलेलं बरं. कुणाला एवढं सोसवणार नसेल, रुग्ण वयस्क आणि आजारांनी खंगलेला असेल, तर नासूर तसाच ठेवून अधूनमधून औषध देणं किंवा पाय कापणं, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. त्यात डॉक्टर हरला असं मानायचं कारण नाही.

उपचार संपले तरी डॉक्टर ‘पूर्ण बरा’ हा शब्द सहसा उच्चारत नाहीत, ‘आजार शांत आहे’ म्हणतात. हाडातल्या ज्या सूक्ष्म नलिकांत हाडाच्या पेशींचे धागे पसरलेले असतात, त्या जिवाणूच्या जाडीपेक्षाही अरुंद असतात. त्यात स्टॅफ स्वतःला दाबून शिरलेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आहे. वीस-तीस वर्षांनी त्याच जागी पुन्हा पू झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून कल्चरचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद आणि पहिला एमआरआय फाइलमध्ये जपून ठेवायचा. मुलांच्या दोन्ही पायांची लांबी वाढ पूर्ण होईपर्यंत दर वर्षी मोजून घ्यायची, कारण वाढीची चकती दुखावली असेल तर फरक सावकाश दिसतो. आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या नासुराचं रूप बदललं, कडा फुलकोबीसारख्या वर आल्या, घाण वास वाढला, रक्त येऊ लागलं, तर ड्रेसिंग बदलत बसू नये. अशा जुन्या नासुरात कातडीचा कर्करोग उद्भवू शकतो. कडेचा तुकडा काढून तो फॉर्मेलिनच्या बाटलीत त्याच आठवड्यात तपासायला पाठवायचा.